बाबांना पेसमेकर बसवायचाय, भाचा म्हणतोय हॅक होतंय. खरं किती?

उद्यमबाग_फाउंड्री:
मंडळी नमस्कार, प्रश्न सरळ आहे पण लांबण लागणार, सांभाळून घ्या. बाबांना हार्ट ब्लॉक निघालाय, पूर्ण, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा इशारा खाली पोचतच नाही, नाडी चाळीसच्या खाली जातीय, उठलं की डोळ्यापुढं अंधारी. डॉक्टर म्हणाले थांबू नका, पेसमेकर बसवा. आम्ही तयारच होतो. पण माझा भाचा व्हीटीयूखालच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, त्याचा प्रोजेक्ट रोबोटच्या थव्यावर, म्हणजे दहाबारा छोटी यंत्रं आपापसात बोलून काम करतात तसलं, आणि त्यात सिक्युरिटी हाच मेन विषय. तो जेवताना बोलून गेला की मामा, पेसमेकर पण वायरलेसच असतंय, लांबून हॅक करून दाखवलंय लोकांनी. झालं. आईनं तिथंच जाहीर केलं की असलं काही छातीत घालायचं नाही, मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

तर ही हॅकची भीती खरी किती? दहापंधरा वर्षं हे यंत्र टिकतंय काय? आणि बाबा अजून अधनंमधनं आमच्या फाउंड्रीच्या शेडवर जातात, तिथं वेल्डिंग चालू असतंय, धातू वितळवायची इंडक्शन फर्नेस आहे, त्याचं काय? जाणकारांनी बोला. नसलेल्यांनी पण बोला पण जरा कमी.

खानापूर_रानवाट:
आता पेसमेकर पण हॅक. उद्या चष्मा हॅक होईल. नाडी चाळीसच्या खाली आणि तुम्ही हॅकरची वाट बघूलालाय होय? बसवून टाका मर्दा.

शहापूरचा_पोरगा:
मी तोच भाचा. मामा, बसवू नका असं मी म्हटलेलंच नाही, आजीनं अर्धं ऐकलं. आता लिहूनच टाकतो म्हणजे भांडण मिटेल.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हृदय बेफाम पळालं की शॉक देणारं एक यंत्र, म्हणजे आयसीडी, प्रयोगशाळेत घेऊन सॉफ्टवेअर रेडिओनं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या रेडिओनं, त्याचं बोलणं ऐकलं. पेशंटची माहिती उघडीच जात होती, कसलंही कुलूप नाही, आणि बाहेरनं हुकूम देऊन त्यांनी सेटिंग बदलली, शॉक पण द्यायला लावला. हे अगदी जवळनं, काही सेंटिमीटरवरनं. मग २०१२ मध्ये बार्नाबी जॅक या सिक्युरिटी संशोधकानं मेलबर्नच्या परिषदेत दाखवलं की पन्नासेक फुटांवरनं ८३० व्होल्टचा शॉक सोडायला लावता येतो. आणि अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी, यांच्या डॉक्टरांनी २००७ मध्येच त्यांच्या यंत्राची वायरलेस सोय बंद करून टाकली होती, हे त्यांनी स्वतः २०१३ मध्ये टीव्हीवर सांगितलं. म्हणजे मी हवेत बोललेलो नाही.

टिळकवाडी_टेक्निशियन:
मी पेसमेकर क्लिनिकमध्येच काम करतो, प्रोग्रामर, म्हणजे बाहेरनं पेसमेकरशी बोलून त्याची सेटिंग बघणारं मशीन, लावून तपासणी करायचं रोजचं काम आहे. पोरानं लिहिलंय ते बरोबर आहे पण त्यात एक मोठी गोष्ट मिसळूलालीय. ८३० व्होल्ट हा आयसीडीचा शॉक. साधा पेसमेकर अडीचतीन व्होल्टचा ठोका देतो, तो पण एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या अर्ध्याइतका वेळ. त्यात ८३० व्होल्ट तयार करायची सोयच नसतीय, कितीही हॅक करा. आजोबांना हार्ट ब्लॉक आहे म्हणजे त्यांना बहुतेक साधा पेसमेकर लागणार, आयसीडी नव्हे. आजीला हे पहिलं सांगा.

आता भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि असली यंत्रं मंजूर करणाऱ्या सरकारी खात्यानं, एका कंपनीच्या ४,६५,००० पेसमेकरांसाठी सॉफ्टवेअर अपडेट मंजूर केलं, फक्त सिक्युरिटीसाठी. ते घरबसल्या होत नव्हतं, पेशंटला दवाखान्यात यायला लागायचं, तीनेक मिनिटं यंत्र बॅकअपवर मिनिटाला ६७ ठोक्यांच्या ठरलेल्या गतीनं चालायचं आणि मग नवं सॉफ्टवेअर चालू. आता गंमत बघा, अपडेट करताना यंत्रच बंद पडायचा धोका होता, अगदी बारीक, पण होता. आणि त्या यंत्रांवर कुणी हल्ला केल्याची एकही केस तोवर नोंदलेली नव्हती. मग ज्याचं हृदय पूर्ण पेसमेकरवर चालतंय त्याला अपडेट द्यायचं की नाही, यावर डॉक्टर लोकांत चांगलीच चर्चा झाली.

खानापूर_रानवाट:
एवढं कशाला, पासवर्ड घाला की यंत्राला. मोबाईलला असतोय, एटीएमला असतोय, छातीतल्या यंत्राला नको?

टिळकवाडी_टेक्निशियन:
घालतोस बघ. तुझे बाबा गोव्याला लग्नाला गेले, तिथं कोसळले, शुद्ध नाही. तिथल्या दवाखान्यात त्याच कंपनीचं प्रोग्रामर आहे. पासवर्ड कुणाला विचारायचा? हीच तर या यंत्राची खरी अडचण आहे, अनोळखी डॉक्टरला ते एका मिनिटात उघडायला पाहिजे आणि अनोळखी चोराला कधीच उघडता कामा नये. त्यात बॅटरी एवढीशी. रेडिओला नुसतं सारखं जागं ठेवलं तरी बॅटरी लवकर संपतीय, म्हणजे काही न बदलता नुसतं हाक मारून मारून पण त्रास देता येतोय.

शहापूरचा_पोरगा:
त्यावर एक मस्त आयडिया आहे काका. २०१३ मध्ये काही जणांनी मांडली, प्रोग्रामर पेशंटच्या अंगाला टेकवायचं, यंत्र आतनं ईसीजी मोजणार, प्रोग्रामर बाहेरनं, आणि दोन्हीकडचे ठोक्यांचे बारीक फरक जुळले तरच दार उघडणार. पासवर्ड म्हणजे त्या क्षणाचं हृदयच. लांब उभारलेल्याला ते मिळणार नाही, आणि डॉक्टरला तर पेशंटला हात लावायचाच असतोय.

टिळकवाडी_टेक्निशियन:
कागदावर चांगलंय. जुन्या यंत्रांत तर छातीवर वँड, म्हणजे प्रोग्रामरला जोडलेला दांडा, ठेवल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही, ते पण एक कुलूपच झालं की. नवीन ब्लूटूथवाली आलीत त्यात एन्क्रिप्शन असतंय, म्हणजे बोलणं गुप्त लिपीत.

निपाणीकर_अक्का:
माझ्या आईला पेसमेकर आहे, पहिला संपून आता दुसरा चालू आहे, तेव्हा मी जरा पोटतिडकीनं लिहिते. तुमचं हॅकरपुराण वाचून हसू पण आलं आणि राग पण. आमच्याकडं काय झालं सांगू? कार्ड हरवलं. पेसमेकरचं जे ओळखपत्र देतात, मॉडेल नंबर सिरियल नंबर असलेलं, ते घर बदलताना कुठंतरी गेलं. आणि पहिली चार वर्षं सगळं बरं आहे म्हणून तपासणीलाच नेलं नाही कुणी, भाऊ म्हणायचा चालूलालंय तर कशाला कोल्हापूरला हेलपाटा. मग आई थकायला लागली, पायऱ्या चढवेनात, आम्हाला वाटलं वय. नेल्यावर कळलं बॅटरी बदलायची वेळ उलटून चाललीय. तिथं पण कोणतं मशीन लावायचं कळेना कारण कार्ड नाही, एक्सरे काढून त्यावरनं कंपनी ओळखली.

तर बाबांना बसवा आणि कार्डाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा. मला हॅकरपेक्षा आमच्या भावाच्या आळसाची भीती जास्त वाटते.

टिळकवाडी_टेक्निशियन:
अक्का, शंभर टक्के. एक्सरेत यंत्रावर कंपनीची खूण दिसतीय, तिच्यावरनं काढतात. आणि कार्ड असलं तरी कधी नाव बदललेलं असतंय, गायडंट कंपनी २००६ मध्ये बोस्टन सायंटिफिककडं गेली, सेंट ज्यूड २०१७ मध्ये ॲबॉटकडं. पेशंटच्या कार्डावर जुनंच नाव, आणि घरचे लोक नव्या दवाखान्यात जुनं नाव सांगत बसतात. यंत्र माणसाबरोबर राहतंय, कंपन्या मध्ये विकल्या जातात.

बॅटरीबद्दल मूळ धागाकर्त्यासाठी लिहितो. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना जगातला पहिला पूर्ण आत बसवलेला पेसमेकर लावला, तो काही तासच चालला. पुढं आयुष्यभरात त्यांना २६ यंत्रं बदलावी लागली, आणि ते २००१ पर्यंत जगले, वय ८६, गेले ते पण कॅन्सरनं, हृदयानं नव्हे. सुरवातीच्या पारा-जस्ताच्या बॅटऱ्या दोनेक वर्षांत मान टाकायच्या. १९७२ पासून लिथियम-आयोडीन आली, तिचा गुण असा की ती अचानक मरत नाही, आतला रोध हळूहळू वाढत जातोय आणि यंत्राला आधीच कळतंय. बदलायची वेळ आली अशी खूण दिसली की साधारण तीन महिने हातात असतात. पण ती खूण बघायला कुणीतरी मशीन लावायला पाहिजे ना. नाडी धरून घरी कळत नाही ते.

उगारचा_बागायतदार:
मला पेसमेकरमधलं कळत नाही पण थव्याचं वाचून थांबलो. आमच्याकडं कृष्णाकाठी ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवरचा पंप घेऊन आत शिरता येत नाही, म्हणून ड्रोननं फवारणी सुरू झालीय. आता एकजण आलावता, म्हणाला एक पायलट चार ड्रोन उडवणार, ते आपापसात रान वाटून घेणार. मी म्हटलं आणि त्यातलं एक येडं झालं तर? तो हसला नुसता. शहापूरच्या पोरा, तूच सांग.

शहापूरचा_पोरगा:
काका, हाच माझा प्रोजेक्ट. त्या माणसाला विचारायचंत की ड्रोन खरंच आपापसात बोलतात काय, की जमिनीवरचा एक लॅपटॉप सगळ्यांना रस्ता आखून देतोय. बऱ्याच वेळा दुसरंच असतंय. २०२२ च्या जानेवारीत दिल्लीत बीटिंग रिट्रीटला १००० ड्रोन उडवले, आयआयटी दिल्लीतनं निघालेल्या बॉटलॅबनं, बघायला भारी, पण असल्या शोमध्ये प्रत्येक ड्रोनचा मार्ग आधी लिहिलेला असतोय, तो जीपीएस बघून आपला मार्ग धरतोय. जीपीएस गेलं की खेळ खल्लास. हाँगकाँगला २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये शो चालू असताना कुणीतरी जीपीएस जॅम केलं, म्हणजे गोंगाट करून सिग्नल दाबला, आणि ४६ ड्रोन खाली आले.

जॅम झालं तर निदान ड्रोनला कळतंय की आपण आंधळे झालो, तो थांबतोय नाहीतर उतरतोय. स्पूफिंग वाईट. खोटा सिग्नल खऱ्यासारखा देतात आणि ड्रोनला वाटतंय सगळं ठीक आहे. २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या टीमनं अमेरिकेतल्या व्हाइट सँड्सला एक छोटं हेलिकॉप्टर असंच फसवलं, त्याला वाटलं आपण वर चाललोय म्हणून ते खाली यायला लागलं.

खऱ्या थव्यात सरदार नसतोय. हार्वर्डचे किलोबॉट, २०१४ मध्ये १०२४ रोबोट, नाण्याएवढे, इन्फ्रारेडनं फक्त शेजाऱ्याशी बोलायचे आणि त्यावर स्टार आणि अक्षरं बनवायचे, एका आकाराला १२ तासापर्यंत लागायचे म्हणा. बऱ्याच थव्यांत प्रत्येकजण शेजाऱ्यांचे आकडे घेतोय, सरासरी काढतोय, थोडा सरकतोय. आता यातला एकच जर सारखा चुकीचा आकडा सांगत राहिला तर अख्खा थवा त्याच्यामागं ओढला जातोय, बाकीचे कितीही असूद्यात, कारण तो कधी बदलत नाही आणि बाकीचे दरवेळी थोडं थोडं ऐकतात.

उगारचा_बागायतदार:
आमच्या सोसायटीत पण असाच एक आहे.

मॉडरेटर:
सोसायटी, निवडणूक, सीमाप्रश्न, कुणाच्या सरकारची आरोग्य योजना चांगली, ८६५ गावांना फुले योजना मिळणार की नाही, हे सगळं त्या त्या धाग्यावर. इथल्या सात प्रतिक्रिया उडवल्या आहेत.

उद्यमबाग_फाउंड्री:
भाच्या, मग त्या खोटारड्याला ओळखायचं कसं? घरात तू हे कधी नीट सांगितलं नाहीस.

शहापूरचा_पोरगा:
मामा, विचारलं कुणी. सोपा उपाय असा की ओळखायचंच नाही. प्रत्येक रोबोटनं शेजाऱ्यांचे आकडे लावायचे, सगळ्यात वरचे काही आणि सगळ्यात खालचे काही न बघता टाकून द्यायचे आणि उरलेल्यांची सरासरी घ्यायची. २०१३ च्या सुमारास याचं गणित नीट सिद्ध झालं, पण अट आहे, शेजारी भरपूर पाहिजेत आणि जोडण्या दाट पाहिजेत. त्याच्या आधी १९८२ मध्ये लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांनी दाखवलं होतं की एक दगाबाज खपवायचा असेल तर एकूण चारजण तरी लागतात, तिघांत भागत नाही. म्हणजे उगारच्या काकांचे चार ड्रोन असतील तर एक येडा झालेला कसाबसा चालेल, दोन झाले तर नाही.

आणि एक लबाडी अशी की एकच रोबोट दहा नावं घेऊन दहाजण असल्याचं सोंग करतोय, मग बहुमत त्याचंच. त्यावर एमआयटीतल्या लोकांनी सिग्नल कोणत्या दिशेनं येतोय ते बघितलं, दहा नावं पण सगळी एकाच दिशेनं, एकाच वळणानं येतात म्हणजे माणूस एकच.

सगळ्यात महत्त्वाचं, काका, आमच्या कोडला खोटं बोलणारा आणि बिघडलेला यातला फरक कळतच नाही. सेन्सर खराब झालेला रोबोट आणि पैसे खाऊन फितूर झालेला रोबोट, दोघांचा आकडा सारखाच चुकीचा.

टिळकवाडी_टेक्निशियन:
पोरा, थांब, हे तू फार कामाचं बोललास. आमच्याकडं अगदी हेच असतंय आणि ते करणारा हॅकर नसतोय, तार असतीय.

पेसमेकर म्हणजे डबी आणि तार. डबी टायटॅनियमची, सील केलेली, ती सहसा बिघडत नाही. तार म्हणजे लीड, खांद्याजवळच्या शिरेतनं हृदयात गेलेली, प्रत्येक ठोक्याला वाकतीय. दिवसाला एक लाख ठोके धरा, वर्षाला साडेतीन कोटीच्या वर. सायकलच्या ब्रेकची तार कुठं तुटतीय? वळणावर. तसंच हिचं, गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यात चेंगरली की आतला धागा तुटतोय किंवा वरचं इन्सुलेशन झिजतंय. आता अर्धवट तुटलेली तार टोकं घासून खरखर पाठवतीय. डबीला वाटतंय हृदय ठोके देतंय. मग साधा पेसमेकर काय करतोय? गप्प बसतोय, कारण त्याच्या मते हृदय चालू आहे. आणि आयसीडी असेल तर त्याला वाटतंय हृदय भयंकर वेगानं पळतंय आणि तो शुद्धीतल्या माणसाला शॉक देतोय. तुझा खोटारडा रोबोट तो हाच.

२००७ मध्ये स्प्रिंट फिडेलिस नावाची आयसीडीची तार बाजारातनं काढून घेतली, जगभरात २,६८,००० जणांच्या अंगात ती होती. बारीक, बसवायला सोपी म्हणून खपली आणि तुटायला लागली. मग पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर आलं, ते दोन वेगळ्या साक्षी बघतंय, तारेचा रोध अचानक बदललाय काय, आणि माणसाच्या हृदयाला शक्यच नाही इतक्या जवळजवळचे ठोके दिसूलालेत काय. तारेवर संशय आला की यंत्र आवाज करतंय आणि शॉक द्यायच्या आधी जास्त वेळ थांबून बघतंय.

खानापूर_रानवाट:
मग तुटकी तार काढून नवी घालायची, झालं.

टिळकवाडी_टेक्निशियन:
झालं कसं? वर्षं गेली की ती तार शिरेला आणि हृदयाला आतनं चिकटून बसतीय, ओढून काढताना फाटायची भीती. म्हणून बरेचदा जुनी तशीच ठेवून शेजारनं नवी घालतात. डबी बदलणं त्यामानानं सोपं, तरी इन्फेक्शनचा धोका पहिल्या वेळेपेक्षा बदलताना जास्त. म्हणून उगाच घाई करून आधीच बदला असं पण कुणी म्हणत नाही. अलीकडं बिनतारेचा पेसमेकर निघालाय, गोळीसारखा, दोनेक ग्रॅमचा, थेट हृदयात बसतोय, पण तो सगळ्यांना चालत नाही आणि पैसे बघितले तर आपले डोळे पांढरे होतील.

निपाणीकर_अक्का:
आणि पेशंटनी ती डबी चाळा म्हणून फिरवत बसू नये हे पण सांगा. आमच्या शेजारचे आजोबा सारखा तिथं हात लावायचे.

टिळकवाडी_टेक्निशियन:
त्याला नावच आहे, ट्विडलर सिंड्रोम. डबी कातडीखाली फिरतीय आणि तार तिच्याभोवती गुंडाळून हृदयातनं सुटून येतीय. हसू नका, होतंय.

शहापूरचा_पोरगा:
मेरी मो म्हणून नॉर्वेच्या एक सिक्युरिटी संशोधक आहेत, त्यांना स्वतःलाच पेसमेकर आहे. त्या लंडनमध्ये मेट्रो स्टेशनचे जिने चढताना एकदम गळून गेल्या. हॅक वगैरे काही नाही, गतीची वरची मर्यादा त्यांच्यासारख्या धडधाकट बाईला जुळत नव्हती आणि प्रोग्रामरच्या स्क्रीनवर एक आकडा, यंत्रात दुसराच. म्हणजे मधला पडदाच चुकीचं सांगत होता. तरीही त्या म्हणतात की पेशंटला आपल्या यंत्रात कोणतं सॉफ्टवेअर आहे ते कळायला पाहिजे, आणि मला ते पटतं. काका, तुम्ही म्हणता हल्ल्याची केस नाही, पण कुलूप नसलेलं घर फोडलं गेलं नाही म्हणून कुलूप नको असं थोडंच असतंय.

टिळकवाडी_टेक्निशियन:
नको म्हणालो नाही मी. क्रम लाव म्हणालो. आधी तार, बॅटरी, तपासणी, मग तुझं कुलूप.

शहापूरचा_पोरगा:
एकदम दोन्ही का नाही? तार तपासणारं तेच सॉफ्टवेअर उद्या कुणी बदललं तर तुमची साक्षच गेली.

टिळकवाडी_टेक्निशियन:
बरं बाबा, यावर तुझा आणि माझा चहा राहिला.

उद्यमबाग_फाउंड्री:
मंडळी, आईला हे वाचून दाखवलं, ८३० व्होल्ट नव्हे म्हटल्यावर ती निम्मी गार झाली. बसवतोय. वेल्डिंगचं तेवढं कुणी सांगितलं नाही.

टिळकवाडी_टेक्निशियन:
लिहायचं राहिलंच. वेल्डिंगची जागा आणि छाती यांत ६० सेंटिमीटर तरी अंतर. केबल खांद्यावर गुंडाळून घ्यायची आपल्याकडची सवय एकदम बंद. अर्थचा क्लॅम्प कामाजवळच लावायचा, करंट १६० अँपिअरच्या आत, आणि टकटक स्पार्क मारत बसायचं नाही, मध्ये थांबायचं. चक्कर आल्यासारखं वाटलं की टॉर्च टाकून लांब व्हायचं, लांब गेलं की यंत्र आपोआप जागेवर येतंय. इंडक्शन फर्नेसजवळ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये, बाबांचं हृदय पूर्ण त्या यंत्रावर चालणार आहे म्हणून. घरी इंडक्शन शेगडी असेल तर तिथं पण तेच ६० सेंटिमीटर. मोबाईल वरच्या खिशात नको, पाठीमागं लोहचुंबक असलेले नवे फोन तर अजिबात नकोत, १५ सेंटिमीटर लांब. चुंबक जवळ आलं की पेसमेकर हृदयाचं ऐकायचं सोडून ठरलेल्या गतीनं ठोके देत सुटतोय.

निपाणीकर_अक्का:
एक अवघड गोष्ट लिहिते, कुणी बोलत नाही म्हणून. माणूस गेल्यावर दहनाच्या आधी पेसमेकर काढून घ्यायला लागतो, आगीत बॅटरी फुटते. दवाखान्यात सांगितलं की काढून देतात. आमच्याकडं वडिलांच्या वेळी ऐनवेळी धावाधाव झाली होती.

टिळकवाडी_टेक्निशियन:
बरोबर. आणि काढलेली डबी फेकू नका. असे पेसमेकर निर्जंतुक करून गरिबांना पुन्हा बसवायचे प्रयोग मुंबईत पण झालेत.

खानापूर_रानवाट:
मी आधी चेष्टा केली, जाऊद्या. आता खरं विचारतो. आमच्या मामांना पण बसवायचं चाललंय, कणकुंबीच्या पुढं घर, पावसात महिनामहिना खाली यायला होत नाही. तो घरी ठेवायचा बॉक्स असतोय म्हणे, रात्री आपोआप माहिती डॉक्टरकडं पाठवतोय. तो घेतला तर दवाखान्यात जायला लागणार नाही ना?

टिळकवाडी_टेक्निशियन:
लागणार, पण कमी वेळा. बॉक्स नुसती माहिती वर पाठवतोय. २०१९ मध्ये एका कंपनीच्या आयसीडीच्या रेडिओत कुलूपच नाही असं निघालं, तेव्हा पण एफडीएनं सांगितलं की बॉक्स बंद करू नका, बंद केल्याचा तोटा मोठा आहे. तेव्हा घ्यायला हरकत नाही. फक्त तो मोबाईल नेटवर्कवर चालतोय. कंपनीच्या माणसाला आधी कणकुंबीच्या पुढं नेऊन रेंज दाखवायला सांग, मगच पैशाचं बोल.